दोनशे चाळीस दिवसांची नोंद कुणाच्या कपाटात?

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पैठण रस्त्यावरच्या चितेगावात, परमनंट कामगार आणि कॉन्ट्रॅक्टवरचा कामगार बऱ्याचदा एकाच लाईनवर उभे असतात. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्याला कायद्याचं काही संरक्षण नाही, अशी समजूत इथल्या पोरांमध्ये पक्की बसली आहे. प्रत्यक्षात कायद्याने त्याला बरंच दिलं आहे. पण ते मिळवायला तो किती दिवस कामावर आला आणि कुणासाठी आला हे सिद्ध करावं लागतं, आणि त्याची नोंद मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या कपाटात असते. अशा कामगारांची दैना संपवायची तर आधी ही नोंद त्याच्या स्वतःच्या हाती यायला हवी, असं मला वाटतं.

महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनी बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला मोठा आधार दिला आहे. आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं की त्याला लेखी आदेशाने कायम करावं, हंगामी उद्योगात १९० दिवसांवर, असं त्यांतलं कलम सांगतं. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना व अनुचित कामगार प्रथा कायद्यानेही, कायमपणाचे लाभ टाळण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं अनुचित प्रथा ठरवलं. हा हेतू सिद्ध कसा करायचा? जगन्नाथ मारुती कोंढारे प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वन खात्याच्या मजुरांच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की पाच-सहा वर्षं तात्पुरतं ठेवलं, यावरूनच हेतू दिसतो. २४० दिवसांच्या या अटीमुळेच कारखान्यांमध्ये ‘ब्रेक’ आला. सहा-सात महिने झाले की घरी बसायचं, थोड्या दिवसांनी परत त्याच कामावर यायचं. आणि कोर्टात गेलं, तर २४० दिवस भरल्याचं आधी कामगारानेच दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदीमनी प्रकरणात स्पष्ट केलं. नुसतं शपथपत्र पुरेसं नाही. पुढे २००५ च्या येल्लट्टी निकालाने थोडा दिलासा दिला, कारण मालकाने मस्टर दडवलं तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं. तरी सुरुवातीचं ओझं कामगाराच्याच डोक्यावर राहतं.

ठेकेदारामार्फत लागलेल्याचा गुंता याहून अवघड आहे. पगारपत्रकावर नाव ठेकेदाराचं, हुकूम कंपनीच्या सुपरवायझरचा. दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो आणि तोच माणूस त्याच लाईनवर नव्या नावाखाली पुन्हा ‘नवा’ होतो. सिप्ला प्रकरणात २००१ साली ठरलं की कंपनीशी मालक-कामगार नातं वादात असेल, तर ठेकेदाराच्या माणसाला १९७१ च्या कायद्याखाली थेट औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येत नाही. नातं आधी ठरवून घ्यावं लागतं. त्याच वर्षी स्टील ऑथॉरिटीच्या निकालाने कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही, हे सांगितलं, पण कंत्राट नुसतं देखाव्याचं असेल तर तो मूळ कंपनीचाच कामगार ठरू शकतो, ही वाट उघडी ठेवली. ती वाट चालायची तर कागद लागतात. वेतनाबाबत मात्र कायदा सरळ आहे: ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. हे जितक्या लोकांना ठाऊक असायला हवं तितक्यांना ठाऊक नाही.

असा कागद आज बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आहे, फक्त त्याकडे तसं पाहिलं जात नाही. भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक उघडा. बारा आकडी यूएएन एकच असतो, पण ठेकेदार बदलला की त्याखाली नवी मेंबर आयडी उघडते आणि प्रत्येकीसमोर आस्थापनेचं नाव येतं. १५,००० रुपये वेतनावर महिन्याची ओळ अशी दिसते: कामगाराचे १,८००, मालकाचे ५५०, आणि मालकाच्याच वाट्यातून पेन्शन खात्यात १,२५०. पाच वर्षांत चार आस्थापनांची नावं आणि मध्ये छोट्या फटी, असं पासबुक ब्रेकची कहाणीच सांगतं. त्याला पगाराच्या बँक नोंदी, गेटपास आणि कामगार राज्य विम्याचा क्रमांक जोडला की कोर्टात उभं राहण्याजोगा पुरावा होतो. यावर कामगारच म्हणतात, पीएफ कशाला कापता, पैसे हातात द्या. भाडं आणि किराणा भागवणाऱ्याची ही ओढ खोटी नाही. पण कपात टाळली की मालकाचा तितकाच वाटाही जातो. शिवाय काम सुटल्यावर पेन्शनसकट पैसे काढून खातं रिकामं केलं की पेन्शनला लागणारी दहा वर्षांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजावी लागते. खातं ट्रान्सफर केलं तर ती जोडली जाते.

उद्योजकांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. वाहनउद्योगाचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान युनिटला ऑर्डर महिन्यागणिक कमी-जास्त येते. सगळ्यांना कायम केलं तर मंदीत पगार कुठून द्यायचे? पण काम खरंच कमी-जास्त होत असेल त्यासाठी कायद्याने निश्चित मुदतीच्या नेमणुकीची सोय केली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनुसार अशा कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात, वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटीही. प्रत्येकाला नेमणूकपत्रही बंधनकारक झालं आहे. वर्षभर चालणाऱ्या लाईनवर वर्षानुवर्षं तात्पुरता माणूस ठेवायला मंदीचं कारण पुरत नाही. दुसऱ्या बाजूला, याच संहितांनी स्थायी आदेशांचं बंधन ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतं ठेवलं. आधी ते महाराष्ट्रात ५० वर होतं. वाळूजच्या लहान युनिटांतल्या कामगाराच्या पायाखालची २४० दिवसांची फळी त्यामुळे हलली आहे, आणि हे मला चिंतेचं वाटतं. अशा वेळी नेमणूकपत्र आणि पासबुक यांचं मोल वाढतं.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार दगावले. अशा वेळीही नोंदच कामी येते: ज्याच्या पगारातून कामगार राज्य विम्यासाठी पाऊण टक्का कापला जातो, त्याचा कामावर मृत्यू झाला तर मागे राहिलेल्यांना दरमहा निवृत्तिवेतन मिळतं, आणि कामाच्या जागी झालेल्या अपघातासाठी आधी किती दिवस भरले ते पाहिलं जात नाही. पहिल्या दिवशीच नोंद झालेली असली, की हे पैसे घरी पोहोचतात. नाही झाली, तर त्या कुटुंबाला आधी ‘आमचा माणूस तिथं कामाला होता’ हेच सिद्ध करत बसावं लागतं. कामावर रुजू होताना पहिल्याच आठवड्यात विमा क्रमांक मागणं, नेमणूकपत्राचा फोटो गावाकडे पाठवून ठेवणं आणि महिना संपला की पासबुकात ओळ आली का ते बघणं, एवढं कामगाराने आपल्या हाताने करावं. आणि पासबुकात ओळच आली नाही, तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात तक्रार करायला एकट्याने जाण्यापेक्षा त्याच लाईनवरच्या चार जणांनी मिळून जावं.