फेमे: देऊळ बराकपूरला, कॉमिक अजून यायचंय

सुपरहिरोला ठाणं लागतं. बॅटमॅनला गुहा आहे, वेताळाला कवटीची गुहा आहे. ग्रीक देवी फेमे हिचं ठाणं मात्र कोलकात्याच्या उत्तरेला, बराकपुरात, दोनशे वर्षांपासून बांधून तयार आहे आणि तिला मी तरी अजून कुठल्या कॉमिकमध्ये पाहिलेलं नाही!

हुगळीच्या काठी गव्हर्नर जनरलची जुनी बाग आहे. गावकरी तिला लाटबागान म्हणतात. तिथे लॉर्ड मिंटो यांनी १८१३ मध्ये ग्रीक धाटणीची, कोरिंथियन खांबांची एक वास्तू उभारली. १८१०-११ च्या मॉरिशस आणि जावा मोहिमांत पडलेल्या २४ अधिकाऱ्यांचं हे स्मारक. नाव ‘टेंपल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तीचं देऊळ. आत देवीची मूर्ती नाही. पण ग्रीकांकडे कीर्तीची खरोखरच देवी होती, आणि गंमत अशी की अफवेची देवीसुद्धा तीच. रोमन लोक तिला फामा म्हणत.

तिचा पोशाख चित्रकाराला नव्याने सुचवायलाच नको. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी व्हर्जिलने तो ठरवून टाकलाय. अंगावर जितकी पिसं, तितकेच पिसांखाली जागे डोळे. तितक्याच जिभा आणि तितकेच टवकारलेले कान. जन्मते तेव्हा एवढीशी असते, धावता धावता वाढते, आणि बघता बघता पाय जमिनीवर, डोकं ढगात. रात्री झोपत नाही, दिवसा छपरांवर आणि बुरुजांवर बसून पाळत ठेवते. ऑव्हिडने तिला घरही दिलं. जमीन, समुद्र आणि आकाश जिथे भेटतात तिथे. भिंती निव्वळ काशाच्या, हजार वाटा आणि एकीलाही दार नाही. जगात कुठेही कुणी कुजबुजलं की ते तिथे घुमतं.

तिची ताकद किती? अथेन्सवाल्यांनी तिच्यासाठी वेदी बांधली होती, इतकी. हेरोडोटसने तिचा पराक्रम लिहून ठेवलाय. इसवी सनपूर्व ४७९. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर मिकालीला ग्रीक सैन्य लढाईला उभं राहत होतं. तेवढ्यात रांगांमधून बातमी सळसळत गेली की समुद्रापलीकडे प्लाटियाला आपण जिंकलो. प्लाटियाची लढाई त्याच दिवशी सकाळी झाली होती! निरोप्या एवढ्यात पोहोचणं शक्यच नव्हतं. मिकालीच्या सैनिकांना चेव आला आणि तेही जिंकले. उडणं, भिंती फोडणं यापेक्षा मला ही ताकद कितीतरी मोठी वाटते.

आता पहिला अंक. तो १८५७ च्या जानेवारीतच घडायला हवा. बराकपूरहून जवळच असलेल्या दमदमला काडतुसांच्या कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्याने पाणी मागितलं. शिपायाने नकार दिला. खलाशी म्हणाला, जातीचा तोरा आता फार दिवस टिकणार नाही, लवकरच गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडावी लागतील. बस्स. हे बोलणं लगोलग बराकपूरच्या छावणीत पोहोचलं. महिना संपायच्या आत तिथलं तारघर कुणीतरी पेटवून दिलं. हे चित्र मला पूर्ण पानभर हवंय: सरकारची तार जळतेय आणि फेमे ज्वाळांवरून उडत निघालीय.

फेब्रुवारीत ती बहरामपूरला पोहोचली. तिथल्या १९ व्या पलटणीने काडतुसं नाकारली. २९ मार्चला बराकपुरात खबर आली की गोरे सैनिक आगबोटीतून उतरलेत, आणि त्याच दुपारी ३४ व्या पलटणीचा मंगल पांडे बंदूक घेऊन बाहेर पडला. ८ एप्रिलला त्याला फाशी झाली. नदीकाठच्या त्या देवळाने ज्या २४ जणांची कीर्ती राखायची होती, त्यांची नावं आज कुणाला आठवतात? मंगल पांडेचं नाव पोरासोरांनाही ठाऊक आहे.

त्याच्याही आधीचा बिंदी तिवारी या गोष्टीत घ्यायलाच हवा. १८२४ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धासाठी कूच करायचा हुकूम निघाला. सामान वाहायला बैल मिळेनात, त्यात आपल्याला समुद्रापार नेणार अशी आवई उठली आणि बराकपूरच्या शिपायांनी पाय रोवले. २ नोव्हेंबरला त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. बिंदीला फाशी देऊन त्याचा देह साखळदंडात टांगून ठेवला. दहशत बसावी म्हणून केलेल्या त्या प्रदर्शनातून देव जन्मला: बिंदा बाबा. त्याच्या नावाचं देऊळ बराकपुरात आहे.

साथीदार कोण? पहिला मान वंडर वुमनचा. १९४१ मध्ये तिला जन्म देणारे विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होते आणि रक्तदाबावरून खोटं पकडायची चाचणी त्यांनीच काढली होती. त्यांच्या नायिकेचा सोनेरी फास समोरच्याला खरं बोलायला लावतो. हजार जिभांची फेमे आणि तो फास एकाच चौकटीत आले तर काय धमाल होईल! दुसरा वेताळ. इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठी मुलांच्या पिढ्यांना भेटला. त्याची खरी शक्ती ठोशात नाहीच. तो चारशे वर्षं मेलेला नाही या जंगलातल्या बोलवेत आहे. म्हणजे तो फेमेचाच चेला. बंगालतर्फे बांटुल दि ग्रेट हवा, गुलाबी बनियन आणि काळ्या चड्डीतला. हावड्याच्या नारायण देबनाथांनी तो १९६५ पासून दशकानुदशकं एकहाती रंगवला. शिवाय व्हिक्टोरिया मेमोरियलच्या घुमटावरची विजयाची परी: सोळा फूट उंच, ब्राँझची, हातात तुतारी, वारा आला की फिरणारी. ही फेमेची कोलकात्यातली बहीणच शोभते.

दुसरा अंक आपला. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञाला, दक्षिणेच्या आशेने, १८५७ मध्ये निघाले आणि थेट बंडात सापडले. वाटेतच शिपायांच्या तोंडून त्यांनी काडतुसांची हकीकत ऐकली, धर्म बुडवणाऱ्या सरकारी कलमांची ऐकली. म्हणजे हुगळीकाठची कुजबुज काही महिन्यांत मध्य हिंदुस्थानातल्या रस्त्यावर एका कोकणी भटजीच्या कानी पडली होती. झाशी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, बाकी कित्येक गोष्टी कानांनी, आणि ‘माझा प्रवास’मध्ये दोन्ही एकाच ओघात लिहून ठेवल्या. चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक १९०७ मध्ये छापलं. चित्रकारांनो, संवाद शोधत बसू नका, अर्धे तिथेच आहेत.