सायंसंध्येचा हिशेब

पळी-पंचपात्री अद्याप ज्या घरांत आहे, तेथेंही संध्या बहुधा घाईनेंच होते; कित्येकांची तर सदरा चढवितां चढवितां उरकते. आम्हीही शाळेच्या घंटेकडे कान ठेवून वर्षानुवर्षें ती तशीच उरकीत आलों, हें येथें कबूल केलें पाहिजे. शब्द तोंडपाठ होते. त्यांच्या अर्थापाशीं थांबावयास, संस्कृत शिकविणाऱ्या आम्हांसही, सवड झाली नव्हती.

एकांतचिंतन म्हटलें कीं डोळ्यांपुढें तुकोबारायांचा भंडारा डोंगर उभा राहतो. पण ज्याच्या घरीं रोज दहा माणसांची पंगत बसते, त्या गृहस्थानें कोणत्या डोंगरावर जावें? अशांसाठींच संध्येची योजना असावी असें आम्हांस वाटतें. तींतील मंत्राचमन पाहावें. प्रातःकाळीं सूर्याची प्रार्थना, रात्रीं घडलेल्या पापांविषयीं. सायंकाळीं अग्नीची, दिवसाच्या पापांविषयीं. आणि पापें तरी कोणतीं? मन्यूच्या, म्हणजे क्रोधाच्या भरांत झालेलीं. मग मन, वाणी, हात, पाय, उदर असें एकेकाचें नांव घ्यावयाचें. वाण्याच्या रोजकीर्दींत तरी इतकीं खातीं असतात कीं नाहीं कोण जाणे!

गेल्या चैत्रांत चिरंजीवांनीं मागील पडवीचें काम आम्हांस न विचारतां गवंड्यास सांगून टाकलें. रविवारीं दुपारच्या पंगतींत तें आमच्या कानीं आलें, आणि सर्वांदेखत आम्ही म्हणालों, “घर कोणीं बांधलें तें विसरूं नकोस.” ताकभात तसाच टाकून तो उठला. वाढणें हातांत घेऊन सूनबाई जागींच थबकल्या. नातू आमच्या तोंडाकडे पाहत राहिला.

सायंकाळीं पाटावर बसलों. वाणीचा उच्चार करणारा शब्द ओठांवर आला आणि पुढचें कांहीं आठवेना. प्रथम मनानें आमची वकिली केली: खर्च फार आहे. तो मुलगाच करणार होता. मग तें म्हणालें, वडिलांस विचारण्याची रीत आहे. ती आहे खरी. पण विचारलें असतें तर आम्हीं ‘हो’च म्हटलें असतें. तसेंच बसून राहिल्यावर तिसरी गोष्ट हळूहळू वर आली. शाळा सुटल्यापासून आम्हांस विचारल्यावांचून कोणाचेंच कांहीं अडत नाहीं. राग त्याचा होता. पडवी आयती सांपडली.

हा मंत्राचा चमत्कार म्हणून आम्ही सांगत नाहीं. तुळशीपाशीं दिवा लावून आमचें कुटुंब वाती वळीत बसलें होतें. त्यांस हें सांगितलें तेव्हां हंसून उत्तर आलें, “मला तें दुपारींच कळलें होतें.” संध्येचा अधिकार रूढीनें स्त्रियांस दिला नाहीं, पण वाती वळतांना त्यांचें चिंतन चालतें, आणि तें आमच्याहून जलद चालतें असें दिसतें. संध्या न करणारानें दिवेलागणीस दहा मिनिटें नुसतें स्वस्थ बसावें. खिशांतला दूरध्वनि तेवढा दुसऱ्या खोलींत ठेवावा.

पाटावर झालेला पश्चात्ताप मात्र पाटावरच राहूं देण्याचा मोह फार असतो. आम्हांसही तो झाला. रात्रीं झोंप लागली नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं, सूनबाई व नातू दोघेही असतांना, आम्ही मुलास म्हणालों, “काल बोललों तें चुकलें.” तो कांहींच बोलला नाहीं. परंतु दहाच्या सुमारास गवंडी आला, तेव्हां मागील दारांतून त्याची हांक आली, “अप्पा, चौकट कोठें बसवावयाची तें जरा पाहतां का?”