उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत न्यू जर्सीला मुलीकडे गेले होते. नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या खोलीत टेबलावर काचेची एक पेटी होती आणि तीत तळहाताएवढा केसाळ कोळी. चिली देशातला, तपकिरीवर गुलाबी झाक असलेला टॅरंटुला. मादी होती आणि तिचं नाव रोझी. पहिले चार दिवस मी त्या खोलीत दारातूनच डोकावत असे. मग सवय झाली.

एके सकाळी नातू शाळेत गेल्यावर मी पांघरुणं आवरायला गेले, तर रोझी पेटीत उताणी पडलेली. आठही पाय वर, हालचाल नाही. महिनाभर तिनं काही खाल्लंही नव्हतं. मी म्हटलं, संपलं! पोरानं येऊन हे बघण्यापेक्षा आपणच बागेत पुरून टाकावी. कागद आणला, पेटीचं झाकण उघडलं, एवढ्यात मुलगी आत आली आणि ओरडलीच, ‘‘आई, हात लावू नकोस! ती कात टाकतेय!’’

तीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. झुरळ आणि कोळंबी कात कशी टाकतात, हे फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. पण डोळ्यांसमोर घडत असताना मला ते ओळखता आलं नाही. परदेशात हे कोळी हौसेनं पाळणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यासारखी चूक नवख्यांच्या हातून हमखास होते. म्हणून आज त्याविषयी थोडं सविस्तर सांगते.

कोळ्याला आपल्यासारखी हाडं नसतात. त्याच्या अंगावरचं कवच हाच त्याचा सांगाडा. हे कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं आणि ते वाढत नाही. लहान मुलाला बूट आखूड झाला की नवा घ्यावा लागतो, तसंच हे. पुस्तकी भाषेत याला निर्मोचन म्हणतात. जुन्या कवचाखाली नवं, मऊ, घड्या पडलेलं कवच तयार होतं, दोन्हींच्या मध्ये थोडा द्रव साठतो आणि मग जुनं कवच सुटतं. पिल्लं वर्षातून बऱ्याच वेळा कात टाकतात. पूर्ण वाढलेली मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदा टाकते आणि आयुष्यभर टाकत राहते. मादी वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते. नराचं आयुष्य मात्र बरंच कमी. वयात आल्यावर तो सहसा पुन्हा कात टाकत नाही.

कात जवळ आली हे कसं ओळखायचं? पहिली खूण म्हणजे खाणं बंद होतं. काही आठवडे, कधी कधी काही महिनेही. (चिलीचा हा कोळी एरवीही लांबलचक उपास करतो, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नये.) दुसरी खूण, अंगाचा रंग मळकट होतो आणि हालचाल मंदावते. तिसरी खूण सर्वांत उपयोगी. अमेरिका खंडातले बहुतेक टॅरंटुला घाबरले की पाठीमागच्या पायांनी पोटावरचे बारीक, खाजरे केस झाडतात. त्यामुळे तिथं टक्कल पडतं. कात जवळ आली की हे फिकट टक्कल काळपट दिसू लागतं, कारण खालच्या नव्या कवचावरचे केस जुन्या कातडीतून दिसायला लागतात. अगदी शेवटी कोळी जमिनीवर रेशमी धाग्यांची चटई विणतो. तीच त्याची बाळंतिणीची खोली म्हणा ना!

या काळात पाळणाऱ्यानं करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत, पण त्या चुकवून चालत नाही. पेटीत जिवंत रातकिडा सोडलेला असेल तर तो आधी बाहेर काढायचा. एरवी रातकिडा हे कोळ्याचं भक्ष्य, पण कात टाकताना कोळी इतका मऊ आणि असहाय असतो की भुकेला रातकिडाच त्याला कुरतडतो. पाण्याची उथळ बशी सतत भरलेली ठेवायची, कारण अंगात पाणी कमी असेल तर जुनं कवच नीट सुटत नाही. पण म्हणून अंगावर पाणी शिंपडायचं नाही. चिलीचा कोळी कोरड्या प्रदेशातला, त्याला ओलसर माती मानवत नाही. दमट जंगलातल्या जातींना मात्र एका कोपऱ्यात माती ओलसर ठेवावी लागते. पेटी हलवायची नाही, कोळ्याला हातावर घ्यायचं नाही. त्याचं पोट पातळ पिशवीसारखं असतं. फूट-दीड फुटावरून पडलं तरी फुटू शकतं.

आणि मग तो दिवस येतो. कोळी बहुधा त्या चटईवर उताणा होतो. शरीरातलं द्रव रक्त तो पोटाकडून पुढच्या भागात ढकलतो. त्या दाबानं शिरोवक्षावरचं कवच डब्याचं झाकण उघडावं तसं कडेनं सुटतं. पोटाच्या बाजूची कातडी फाटते. त्यानंतरचं काम सगळ्यांत कष्टाचं. आठ पाय आणि तोंडाजवळचे दोन पायांसारखे अवयव जुन्या आवरणांतून बाहेर ओढायचे. कोळी थोडं ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. घट्ट बसलेल्या ओल्या हातमोज्यातून बोटं सोडवावीत तसं. विषदंतांवरचं आवरण निघतं, आणि नवल म्हणजे आत असलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या फुफ्फुसांचं आणि अन्न ओढून घेणाऱ्या जठराचं अस्तरसुद्धा कातीबरोबर बाहेर येतं. पूर्वी तुटलेला पाय असेल तर त्याच्या जागी नवा, थोडा बारीक पाय दिसतो. पिल्लांचं हे सगळं काही मिनिटांत उरकतं, मोठ्या कोळ्याला कित्येक तास लागतात. रोझीला जवळजवळ तीन तास लागले. मी खुर्ची ओढून तिथंच बसून राहिले.

तुम्ही म्हणाल, मग मेलेला कोळी ओळखायचा कसा? याचं उत्तर त्याच्या पायांत आहे. कोळ्याच्या पायाचे मुख्य सांधे वाकवायला स्नायू आहेत, पण सरळ करायला नाहीत. पाय लांब होतात ते द्रवाच्या दाबानं, जेसीबीचा हात तेलाच्या दाबानं उघडतो तसे. प्राण जाऊ लागला की हा दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे वळतात. म्हणजे पालथा आणि पाय आत वळलेला कोळी दिसला तर काळजी करावी. उताणा असेल, तर बहुधा तो कामात आहे. त्याला उलटा करायला जाऊ नये, फुंकर मारू नये, प्रकाशाचा झोत टाकू नये.

सगळ्यांत अवघड प्रसंग म्हणजे एखादा पाय अडकतो तेव्हा. पाहणाऱ्याला राहवत नाही, चिमट्यानं ओढून द्यावंसं वाटतं. तिथंच घात होतो. नवं कवच साईसारखं मऊ असतं, ते फाटलं तर रक्त थांबत नाही. फार तास उलटले आणि काहीच पुढं सरकत नसेल, तर अनुभवी पाळणारे मऊ कुंचल्यानं फक्त अडकलेल्या जुन्या कातीवर पाण्याचा थेंब लावतात, तोही पोटाखालची फुफ्फुसं सांभाळून. अगदीच जमलं नाही तर कोळी तो पाय स्वतःच सोडून देतो आणि पुढच्या कातींत तो पुन्हा येतो. पाय गेला तरी जीव राहतो.

कात निघाल्यावर घाई करू नये. नवे विषदंत आधी पांढरे असतात, मग तांबूस आणि शेवटी काळे. पांढऱ्या दातांनी कोळी खाऊ शकत नाही, उलट भक्ष्याच्या झटापटीत दातच मोडायचे. पिल्लांना चार-पाच दिवस, मोठ्यांना दोन आठवडे तरी पाण्याव्यतिरिक्त काही देऊ नये. जुनी कात लांब चिमट्यानं काढावी. ती मऊ असतानाच उलगडली तर आतल्या भागावरून कोळी नर की मादी हे ओळखता येतं. पण कातीवरही ते खाजरे केस असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. ब्रिटनमध्ये लीड्स इथं २००९ साली पेटी साफ करणाऱ्या एका गृहस्थाच्या डोळ्यात चिलीच्या कोळ्याचे केस रुतून बसले होते. तीन आठवडे डोळा लाल आणि पाणावलेला राहिला, तेव्हा डॉक्टरांना कारण सापडलं.

हे ऐकून कुणाला वाटेल, आपल्याकडच्या जंगलातूनच एखादा आणावा. कृपा करून तसं करू नका. पश्चिम घाटातही झाडांच्या ढोलीत राहणारे सुंदर टॅरंटुला आहेत. ते केस झाडत नाहीत, सरळ चावतात आणि तो दंश फार वेदना देतो. पाळणाऱ्यांच्या बाजारातली मागणी त्यांच्या जिवावर उठली आहे. पीसिलोथेरिया या त्यांच्या वंशाचा २०१९ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात समावेश झाला, तो याच व्यापाराला लगाम घालण्यासाठी. त्यांनी त्यांच्या ढोलीतच कात टाकावी.

त्या दिवशी तीन वाजता नातू शाळेतून आला. पेटीत त्याला दोन रोझी दिसल्या. एक पोकळ आणि एक मखमलीसारखी नवी. तो आनंदानं ओरडला, ‘‘आजी, तू पाहिलंस? तू काय केलंस तेव्हा?’’

मी म्हटलं, ‘‘काहीच नाही केलं रे.’’

‘‘मग बरोबर केलंस,’’ तो म्हणाला. कागदाची गोष्ट मी त्याला पुष्कळ दिवसांनी सांगितली. आता तो कॉलेजात आहे आणि रोझी मुलीच्या घरी अजून मजेत आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)