विश्लेषण : नखाएवढा स्क्रू सीसीटीव्ही कसा ‘आंधळा’ करतो?

नाशिकमध्ये पुढच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृत स्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत. कॅमेरा घेताना चर्चा होते ती मेगापिक्सेलची. पण भर पावसात त्याला दिसेल की नाही, हे अनेकदा झाकणाच्या तीन-चार बारीक स्क्रूंवर ठरते. अडचणीच्या जागी, शिडीवर उभे राहून हे स्क्रू बसवणे अवघड का असते आणि ते नीट कसे करावे, याविषयी...

पावसाशी स्क्रूचा संबंध काय?

बाहेर लावायच्या कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ किंवा ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असते. यातला पहिला ६ धूळ आत जात नसल्याचा. दुसरा आकडा पाण्याचा. ६ म्हणजे जोरदार फवारा सोसणारा, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकणारा. मात्र हा दर्जा झाकण नीट बंद असेल तेव्हाचाच. झाकण आणि बुड यांच्यामध्ये रबरी गास्केट असते. सगळे स्क्रू सारखे आवळले तरच ते चहूबाजूंनी सारखे दाबले जाते. एक स्क्रू सैल राहिला, तर तिथून ओल आत शिरते आणि काचेवर आतून वाफ धरते. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश याच थेंबांवरून परततो आणि चित्र पांढरेफटक दिसते. गाडीचा नंबर दूरच, माणूसही ओळखू येत नाही.

याचे मोल काय?

२००३च्या सिंहस्थात २७ ऑगस्ट रोजी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. अरुंद रस्त्यावर गर्दी कुठे तुंबते आहे, हे वेळेत दिसणे किती महत्त्वाचे असते, याची ती जाणीव होती. घाटावरचा कॅमेरा असो, सराफ बाजारातल्या दुकानाचा असो की सिडकोतल्या सोसायटीचा, नेमक्या वेळी चित्र धूसर असेल तर तो असून नसल्यासारखाच.

बारीक स्क्रू हाती का लागत नाही?

झाकणाचे स्क्रू साधारण तीन मिलिमीटर जाडीचे असतात. पंचवटीतल्या किंवा भद्रकालीतल्या जुन्या वाड्यात कॅमेरा बसतो तो तुळईखाली किंवा कोपऱ्यात छताला चिकटून. तिथे एक हात शिडीला, दुसरा झाकणाला. स्क्रू धरायला तिसरा हात उरत नाही. स्क्रू ड्रायव्हर सरळ न जाता तिरका लागतो आणि खाच झिजते.

लोहचुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला की प्रश्न सुटेल, असे वाटते. पण गंजू नये म्हणून बाहेरच्या कॅमेऱ्यांना अनेकदा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतात आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकारांना चुंबक जवळजवळ धरतच नाही. जमिनीवर लोखंडी स्क्रू उचलणारा ड्रायव्हर वर गेल्यावर दगा देतो तो यामुळे.

मग स्क्रू धरायचा कसा?

उपाय खिशातलेच आहेत. स्क्रू मास्किंग टेपच्या तुकड्यातून चिकट बाजूने आरपार काढायचा, टेपची टोके ड्रायव्हरच्या दांडीला चिकटवायची. स्क्रूने दोन-तीन फेरे धरले की टेप ओढून काढायची. ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावला तरी हलका स्क्रू टिकतो. दांडीवर प्लास्टिकची बारीक नळी चढवून तिच्या तोंडात स्क्रूचे डोके अडकवणे, हा आणखी एक मार्ग.

आटे जुळवण्याची युक्ती त्याहून महत्त्वाची. स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवायचा. ‘टक्’ असे जाणवले की आट्याचे तोंड सापडले. तिथून सुलटा फिरवायचा. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर स्क्रू तिरका बसतो आहे. तसाच रेटला तर ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे आटे जातात आणि झाकण कधीच घट्ट बसत नाही.

आवळताना चूक कुठे होते?

पहिला स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळणे ही नेहमीची चूक. आधी सगळे बोटाने लावावेत, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. भिंत भोकसणारे ड्रिल मशीन झाकणाच्या स्क्रूला लावू नये. शेवटचे फेरे हातानेच द्यावेत.

दुसरी चूक म्हणजे स्क्रू हरवल्यावर डब्यातला ‘मिळताजुळता’ वापरणे. तो लांब असेल तर भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण झाकण दाबले गेलेलेच नसते. ‘तिनावर भागेल’ हा हिशेबही पहिल्या पावसापर्यंतचा.

स्क्रू खाली पडला तर?

पडता स्क्रू झेलायला शिडीवरून झुकू नये. शिडीखाली उलटी छत्री किंवा चादर ठेवली की निम्मी शोधाशोध वाचते. स्क्रू कॅमेऱ्याच्या आत पडला असेल, तर आधी वीजपुरवठा बंद करावा. सर्किटवर राहिलेला धातूचा तुकडा शॉर्टसर्किट घडवू शकतो. स्टेनलेस स्क्रू चिमट्याने किंवा काडीला गुंडाळलेल्या टेपने काढावा. मेमरी कार्ड बसवणे, जोडणी तपासणे अशी होतील तेवढी कामे जमिनीवरच उरकावीत. वर जाताना हाती जितके कमी सुटे भाग, तितके बरे.

ग्राहकाने काय पाहावे?

पैसे देण्यापूर्वी शिडी उतरवू देऊ नये. झाकणाचे सगळे स्क्रू आहेत का आणि फट सगळीकडे सारखी आहे का, हे मोबाइलने जवळून फोटो काढायला सांगून पाहावे. केबल कॅमेऱ्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ आहे का, तेही बघावे. म्हणजे पाणी केबलवरून आत न जाता झोळातून ठिबकते. उरलेले स्क्रू आणि सोबत आलेली खास चावी पाकिटात घालून जपावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्रीचे चित्रण एकदा उघडून बघावे. काचेआड वाफ दिसली तर तेव्हाच झाकण उघडून, वाळवून पुन्हा बसवता येते. चोरी झाल्यानंतर ते चित्रण उघडून उपयोग नसतो.