तरंगणाऱ्यांनो, पळा!

दोस्तांनो, शाळेत तरंगत जायला मिळालं तर? जिने चढायला नकोत आणि दप्तराचं ओझंही नाही! आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटर उंचीवर एक अंतराळ स्थानक फिरतंय. तिथले अंतराळवीर दिवसभर असेच तरंगतात.

मज्जाच की! पण थांबा. याच अंतराळवीरांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. कंटाळा आला म्हणून बुडवायची सोय नाही!

का बरं? कारण आपलं शरीर भलतंच हिशेबी आहे. इथे नुसतं उभं राहायचं म्हटलं, तरी पायांना, पाठीला, हाडांना आपलं वजन पेलावं लागतं. तिथे पेलायला काहीच नाही. मग शरीर म्हणतं, ‘काम नाही? तर खाऊ बंद!’ स्नायू रोडावतात. हाडांमधलं कॅल्शियम चक्क लघवीवाटे निघून जातं!

बरं, व्यायाम करायचा कसा? वजनं उचलावीत, तर तिथे तांदळाचं पोतंही करंगळीवर तरंगेल. म्हणून तिथल्या यंत्रात हवा काढून टाकलेली नळकांडी बसवलीत. बिनसुईच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढून बघा. कसा मागे खेचतो ना? तस्संच! व्यायामाची सायकलही आहे, पण तिला सीटच नाही. तरंगणाऱ्याला बसायला सीट हवी कशाला?

आणि पळायचं म्हटलं तर? पाय आपटला की स्वारी थेट छताला! म्हणून खांद्यांना आणि कंबरेला पट्टे बांधायचे, ताणलेल्या दोरांनी स्वतःला ट्रेडमिलवर खेचून धरायचं आणि मग पळायचं. २००७ साली अंतराळवीर सुनीता विल्यम्स अशाच पळाल्या. किती? अख्खी मॅरेथॉन, ४२ किलोमीटरहून जास्त! खाली बोस्टनच्या रस्त्यांवर शर्यत चालू होती आणि वर त्या एकट्या पळत होत्या. त्यांना साडेचार तासांहून थोडा कमी वेळ लागला. तेवढ्या वेळात काय झालं असेल, ओळखा बघू! त्यांना घेऊन स्थानकाने पृथ्वीभोवती जवळजवळ तीन फेऱ्या मारल्या!

घामाची तर वेगळीच गंमत. तो खाली ओघळतच नाही, अंगालाच चिकटून बसतो. टॉवेलने टिपला की त्याचा ओलावा हवेत जातो. यंत्रं तो गोळा करतात, शुद्ध करतात आणि त्याचं पुन्हा प्यायचं पाणी होतं. ईईई करू नका हं, एकदम स्वच्छ असतं ते!

अंतराळवीरांच्या सरावावरून नासा या अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने मुलांसाठी खेळ तयार केलेत. त्यातला माझा लाडका खेळ आहे अंतराळातल्या चालीचा. खरी गंमत अशी, की स्थानकाच्या बाहेर पडलेला अंतराळवीर पायांनी चालतच नाही! दांडे धरत धरत तो हातांवर पुढे सरकतो, तेही सहा-सात तास. हातमोजे हवेने टम्म फुगलेले, त्यामुळे मूठ मिटायलासुद्धा जोर लावावा लागतो.

तसे दणकट हात हवेत? मग हा खेळ खेळा, मैदानावर अस्वल व्हा. हातपाय टेकून, पोट खाली करून चाला. आता उलटे व्हा, पोट आभाळाकडे करा आणि खेकड्यासारखे चाला. दहा पावलांतच दंड बोलायला लागतील! दोरीवरच्या उड्याही मारा, त्या हाडांना भारी आवडतात.

आता एक चपळाईचा खेळ. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा, शून्य खाली. तुमची दोन बोटं शून्यापाशी उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडायची! १५च्या आकड्यावर पकडलीत, तर तुम्हाला सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ लागला. शाब्बास!

एवढं मात्र खरं, की पट्टीचा हा खेळ अंतराळ स्थानकात कुणालाच खेळता येणार नाही. का ते तुम्हीच शोधा आणि घरच्यांना कोडं घाला!