माणूस मुळातच वाईट असतो का?



‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण किती सहज बोलून जातो! मागच्या वर्षी आमच्या एका बचत गटात एका ताईंचे तीन हप्ते थकले. बैठकीत कुणीतरी हीच म्हण म्हटली. दुसरी म्हणाली, “मुळातच लबाड आहे ती.” त्याच रात्री दहा-बारा जणी तिच्या दारात गेल्या, नको ते बोलल्या आणि तिची शिलाई मशीन उचलून घेऊन आल्या. मी त्या गटाची समन्वयक. मीही त्या घोळक्यात होते. मी शिवी दिली नाही, मशीनला हात लावला नाही. पण थांबवलंही नाही.

तेव्हापासून मनात प्रश्न होता, वाईट कोण? ती? आम्ही? की सगळीच माणसं मुळात अशीच असतात? तेव्हा मला बी.ए.ला असताना वाचलेली एक कादंबरी आठवली, ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’. इंग्लंडच्या विल्यम गोल्डिंग यांनी ती १९५४ साली लिहिली. जी. ए. कुलकर्णींनी तिचा मराठी अनुवाद केला आहे, त्यामुळे आपल्यालाही वाचता येते.

गोष्ट अशी. युद्ध चालू असताना शाळकरी मुलांचं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं. मोठं माणूस एकही वाचत नाही. मुलं सहा ते बारा वर्षांची. सुरुवातीला सगळं शहाण्यासारखं चालतं. राल्फला प्रमुख निवडतात. एक मोठा शंख सापडतो. ज्याच्या हातात शंख, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जहाजाला दिसावा म्हणून डोंगरावर जाळ पेटता ठेवायचा.

मग हळूहळू बिघडतं. जॅक नावाच्या मुलाला शिकारीची चटक लागते. तो माती आणि कोळशानं तोंड रंगवतो, आणि तोंड झाकल्याबरोबर त्याची लाजही झाकली जाते. रात्री मुलांना बेटावर राक्षस आहे अशी भीती वाटू लागते. भीती वाढते तशी शंखाची किंमत कमी होते.

यातला एक छोटा प्रसंग मला फार मोठा वाटतो. रॉजर नावाचा मुलगा एका लहानग्याच्या दिशेनं दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून. त्याच्याभोवती जागा सोडून. आईबाप, शाळा, पोलीस यांनी लावलेलं वळण अजून त्याचा हात धरत असतं. हाच रॉजर पुढे कड्यावरून मोठा धोंडा लोटतो. त्यात पिगी नावाचा चष्मेवाला हुशार मुलगा मरतो आणि त्याच्या हातातल्या शंखाचे तुकडे तुकडे होतात.

त्याच्याही आधी सायमन मरतो. राक्षस नाहीच, ते हवाई छत्रीतून पडलेल्या माणसाचं प्रेत आहे, हे त्याला कळलेलं असतं. तेच सांगायला तो येतो. पण वादळी रात्री मुलं गोल करून ओरडत नाचत असतात. त्यालाच राक्षस समजून सगळे मिळून मारतात. त्या गोलात राल्फ आणि पिगी हे दोन चांगले मुलगेही असतात. सकाळी पिगी म्हणत राहतो की अंधार होता, अपघात होता, आपण तर कडेला होतो. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. मीही कडेलाच होते ना!

गोल्डिंग शाळेत शिक्षक होते आणि दुसऱ्या महायुद्धात आरमारात लढले होते. माणसं काय करू शकतात ते त्यांनी पाहिलं होतं. दुष्टपणा बाहेरून येत नाही, तो आपल्या आतच असतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी बाजू मेरी शेली या बाईंनी त्याच्या कितीतरी आधी, १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत मांडली. एक शास्त्रज्ञ माणसासारखा जीव घडवतो आणि त्याचं रूप बघून त्याला टाकून पळतो. हा जीव एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहतो. आधी त्यांचं अन्न चोरतो. पण त्यांनाच पुरत नाही हे कळल्यावर चोरी बंद करतो आणि रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. घरातले आंधळे आजोबा त्याच्याशी मायेनं बोलतात. बाकीच्यांच्या नजरेला पडताच मात्र त्याला काठीनं मारतात. असं पुन्हा पुन्हा घडल्यावर तो खुनी होतो.

आता एक खरी घडलेली गोष्ट. १९६५ साली टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं न विचारता एकाची होडी घेऊन पळाली. म्हणजे आपल्या भाषेत चोरच! वादळात भरकटून ती ‘आटा’ या ओसाड बेटाला लागली आणि वर्षाहून जास्त काळ तिथे राहिली. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या. जाळ विझू दिला नाही. भांडण झालं की भांडणाऱ्यांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन डोकं शांत करून यायचं. एकाचा पाय मोडला तर इतरांनी काठ्या बांधून तो बसवला. १९६६ साली एका ऑस्ट्रेलियन खलाशानं त्यांना सोडवलं, तेव्हा सहाही जण धडधाकट होते.

मग खरं काय? मला वाटतं, वाईटपणाचं बी सगळ्यांतच असतं, माझ्यातही. पण ते रुजायला अंधार लागतो, भीती लागते, घोळका लागतो, आणि समोरचीला बोलू न देणं लागतं. आमच्या त्या रात्री हे सगळं होतं. तिला तर आम्ही विचारलंही नव्हतं की हप्ते का थकले.

मशीन आम्ही चार दिवसांनी परत दिली. तिनं पुढे सगळे हप्ते फेडले. आता गटानं ठराव केला आहे : थकबाकीबद्दल आधी त्या सदस्येनं बोलायचं, मग बाकीच्यांनी. घरी जायचं तर दोघींनीच, आणि दिवसा. ठराव वहीत लिहिला आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत.

ती अजून गटात आहे, पण बैठकीत दाराजवळ बसते. येत्या बैठकीला मी तिच्याशेजारी बसणार आहे आणि त्या रात्री मी तिथे होते, गप्प होते, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुमच्याही गटात कुणी दाराजवळ बसत असेल, तर तिला तिचं म्हणणं एकदा विचारा.