समुद्रात विसावलेल्या पूर्वजांचा शोध

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देतात. मात्र आपल्यातील काही कुटुंबांत एक नाव असे असते की ज्याच्यासाठी मेणबत्ती लावायला कबरच नाही. “आजोबा बोटीवर होते, लढाईत बोट बुडाली, ते परत आले नाहीत,” एवढेच घरात सांगितले जाते. बोट कोणती, कुठे बुडाली, कोणत्या दिवशी, हे ठाऊक असणारी पिढी आता निघून गेली आहे. मिस्साबलीसाठी नाव देताना मृत्यूची तारीखही देता येत नाही, ही खंत अनेक घरांत आहे. ही माहिती मिळवणे आज पुष्कळ अंशी शक्य आहे, म्हणून हा लेख.

शोधाची सुरुवात बहुतेक जण धर्मग्रामाच्या दफनाच्या पुस्तकापासून करतात आणि तेथे नाव न सापडल्याने थांबतात. दफनाच्या पुस्तकात दफनाची नोंद होते. ज्याचा देह समुद्राने घेतला, त्याचे नाव तेथे सहसा नसणारच. पुस्तकाचे मौन म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. माहिती दुसरीकडे आहे, इतकाच त्याचा अर्थ.

प्रथम हे ठरवावे लागते की आपला माणूस आरमारात होता की व्यापारी बोटीवर. घरच्या बोलण्यात दोन्ही “बोटीवर” असतात, पण कागदपत्रे निरनिराळ्या ठिकाणी आहेत. हिंदुस्थानचे आरमार पहिल्या महायुद्धाच्या वेळी ‘रॉयल इंडियन मरीन’ या नावाने ओळखले जाई. १९३४ साली ते ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाले. त्याच्या नाविकांत रत्नागिरी जिल्ह्यातील तरुणांचा भरणा फार जुन्या काळापासून होता. मुंबईजवळच्या समुद्रात २३ जून १९४० रोजी बुडालेली ‘पठाण’ ही याच आरमाराची नौका. याशिवाय खुद्द ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर अधिकाऱ्यांचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून गोमंतकीय घेतले जात. त्यांची नावे कधीकधी इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ, प्लिमथ आणि चॅटम येथील आरमारी स्मारकांच्या यादीत सापडतात, जिथे शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु आपले बहुसंख्य लोक होते ते व्यापारी बोटींवर. पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर तीन खाती असत: डेक, इंजिन आणि सलून. सलून म्हणजे जेवणखाण आणि प्रवाशांची सेवा, आणि पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांत ते जवळजवळ गोमंतकीय ख्रिस्ती माणसांच्या हाती होते. बटलर, पँट्रीमन, भंडारी, बॉय ही त्यांची पदे. शस्त्र हाती नसलेली ही माणसे पाणतीर आणि सुरुंगांच्या तोंडी तितकीच होती, किंबहुना अधिक. गोवा पोर्तुगीजांचा, आणि दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ. तरीही गोव्याचे खलाशी ब्रिटिशांच्या बोटींवर मेले. त्यांना ना लिस्बनने आपले म्हटले, ना लंडनने फारसे. हे आमचे मत आहे, पण जुने कागद पाहिल्यावर ते बदलावे असे काही दिसत नाही.

आता स्मारकांविषयी. लंडनमधील टॉवर हिल येथे व्यापारी नौदलाचे मोठे स्मारक आहे. भारतीय खलाशांची नावे सर्वसाधारणपणे तेथे नाहीत. ती मुंबईत आहेत. मस्जिद बंदर येथील खलाशीगृहात (‘इंडियन सेलर्स होम’) पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांसाठी नावांचा एक ग्रंथ करण्यात आला. त्याची एक प्रत मुंबईत आणि दुसरी आजच्या बांगलादेशातील चितगावच्या युद्धस्मशानभूमीत ठेवली आहे. त्यात आरमाराचे आणि व्यापारी नौदलाचे मिळून सहा हजारांहून अधिक जण आहेत. मुंबईत राहून ज्यांनी ही वास्तू कधी पाहिली नाही असे आमचे कित्येक वाचक असतील. लोकल गाडीने तिच्याजवळून आपण रोज जातो.

ही सर्व नावे ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीतील मृत्यू तेथे धरले आहेत. मात्र व्यापारी बोटीवरील माणसाचा मृत्यू युद्धाच्या कारणाने झालेला असेल तरच त्याचे नाव तेथे येते. तापाने किंवा अपघाताने बोटीवर गेलेला मनुष्य तेथे बहुधा मिळणार नाही.

नाव शोधताना धीर धरावा लागतो. नाव सांगणारा कोकणी किंवा मराठी, लिहून घेणारा इंग्रज कारकून; त्यामुळे फर्नांडिसच्या शेवटी कधी ‘एस’ तर कधी ‘झेड’, डिसोझा कधी ‘डी’ने तर कधी ‘डे’ने सुरू होणारे, आणि कधी आडनावाच्या जागी बाप्तिस्म्याचे नाव. फ्रान्सिस्को, काएतान, सेबॅस्टियन ही नावे तर शेकड्यांनी. म्हणून बापाचे नाव आणि गाव हाताशी हवे, आणि ते मिळते आपल्याच बाप्तिस्म्याच्या पुस्तकात. आधी धर्मग्रामाच्या कार्यालयातून बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंद काढावी, मग बाहेर पडावे, असा आमचा सल्ला आहे.

नोंद सापडली की तिच्यात बोटीचे नाव येते आणि त्यापुढे कंसात एखादे शहर: ग्लासगो, लंडन, लिव्हरपूल. ते बोटीच्या नोंदणीचे बंदर असते. ‘आजोबा ग्लासगोला वारले’ अशी समजूत करून घेऊन तिकडच्या दफनभूमींना पत्रे लिहिण्यात अर्थ नाही.

या साऱ्या शोधाची किल्ली म्हणजे बोटीचे नाव आणि तारीख. ती मिळाली की बाकीचे दरवाजे उघडतात. बुडालेल्या बहुतेक बोटींचा इतिहास आज उपलब्ध आहे: कोणत्या पाणबुडीने, कोणत्या अक्षांश-रेखांशावर, किती वाजता. उदाहरणार्थ, ‘तिलावा’ ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने तिला बुडवले. बोटीवरील ९५८ जणांपैकी २८० जणांना जलसमाधी मिळाली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने मुंबईस परत आणले. त्याआधीच्या युद्धात, ३० डिसेंबर १९१५ रोजी, लंडनहून मुंबईस येणारी पी. अँड ओ.ची ‘पर्शिया’ क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली आणि तीनशेंहून अधिक लोक गेले.

घरच्या आठवणीही तपासून घ्याव्यात. “बोट फुटली आणि गेले” असे सांगितले जाते तेव्हा ती भर समुद्रातील घटना असेलच असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला. त्यात गेलेल्यांची आठवणही पुढे ‘बोट फुटली’ याच शब्दांत उरलेली असू शकते.

खलाशांची करारपत्रे लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दुसऱ्या महायुद्धाची करारपत्रे बोटीच्या नोंदणी क्रमांकानुसार लावलेली आहेत, कारण एकाच नावाच्या अनेक बोटी असत. भारतीय खलाशांचा करार पुष्कळदा वेगळ्या कागदावर होई, ही गोष्ट विचारणा करताना आवर्जून लिहावी. १९१५ सालच्या याद्या तर इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. घरी जुन्या पेटीत खलाशाचा नोकरीचा दाखला असेल तर तो जपावा. पूर्वी हे दाखले पत्र्याच्या नळीत ठेवीत, म्हणून जुने लोक दाखल्यालाच ‘नली’ म्हणत. गोव्याची माणसे मुंबईत आपापल्या गावाच्या कुडीत उतरत. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कितीतरी कुडी होत्या. तेथील सभासदांच्या वह्या जिथे टिकल्या आहेत तिथे त्या अवश्य पाहाव्यात.

आणखी एक जागा आहे जी संशोधकांच्या पुस्तकांत सापडत नाही, पण ख्रिस्तसभेच्या कारभाराशी परिचय असणाऱ्याला सहज सुचते. पती समुद्रात गेला, देह मिळाला नाही. अशी तरुण विधवा पुन्हा विवाह करू पाहते तेव्हा पतीच्या मृत्यूचा पुरावा लागतो. तो नुसत्या दीर्घ अनुपस्थितीने सिद्ध होत नाही. या बाबतीत रोमहून १८६८ साली सविस्तर सूचना निघाल्या होत्या आणि आजच्या धर्मविधिसंहितेतही (नियम १७०७) तेच तत्त्व आहे. धर्माधिकाऱ्यांना कंपनीचे पत्र, सरकारी दाखला, बचावलेल्या सोबत्यांची शपथेवरची साक्ष असे काही दाखवावे लागे, आणि त्यानंतरच मृत्यू गृहीत धरल्याची घोषणा होई. म्हणून आपल्या आजीचा किंवा पणजीचा दुसरा विवाह झालेला असेल तर त्या विवाहाची फाईल आणि धर्मप्रांताच्या कार्यालयातील कागद पाहण्याची विनंती करावी. बोटीचे नाव त्यात लिहिलेले असण्याचा संभव पुष्कळ आहे. कुटुंबातील अशा विवाहाविषयी बोलायला वडीलधारी मंडळी संकोचतात. ख्रिस्तसभेने तो विवाह विधिवत लावला होता, तेव्हा संकोचाचे कारण नाही.

एवढे करूनही नाव न मिळाल्यास काय? २०२१ साली उपरोक्त कमिशनने स्वतःच्याच कारभाराची चौकशी प्रसिद्ध केली. पहिल्या महायुद्धातील निदान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः आफ्रिकन आणि मध्यपूर्वेतील माणसांची, नावे कोठेही कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. वगळलेल्या नावाविषयी कुटुंबीय पुराव्यासह कमिशनला लिहू शकतात. नावातील चूक असल्यास तीही दुरुस्त करून मागता येते. बाप्तिस्म्याचा धर्मग्रामाने दिलेला दाखला, विवाहाची नोंद आणि नोकरीच्या दाखल्याची प्रत एवढे कागद अर्जासोबत जोडावेत. मूळ कागद पाठवू नयेत.